हजेरी क्रमांक सात

“शुक्रवारी मी असा धडा घेणार आहे, असा धडा घेणार आहे की खिडकीवरचे कावळेसुद्धा वही काढून बसतील!”

गोलसरांनी हे जेवताना जाहीर केलं आणि त्याच दमात त्यांना ठसका लागला. गोलसर म्हणजे भूगोलाचे सर. त्यांच्या विषयातला ‘भू’ मुलांनी केव्हाच गाळून टाकला होता, आणि उरलेला ‘गोल’ सरांच्या पोटाने इमानेइतबारे सार्थ केला होता. खडू, फळा, एक बुटका पृथ्वीगोल आणि खणखणीत आवाज एवढ्या भांडवलावर त्यांनी आजवर ज्वालामुखी फोडले होते, खंड सरकवले होते आणि शेवटच्या बाकांवरच्या कित्येक पिढ्या गाढ झोपवल्या होत्या.

ती झोपच आता अंगाशी आली होती. मागच्या आठवड्यात हेडसरांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं.

“सर, तुमच्या तासाला मुलं काय करतात?”

“ऐकतात.”

“मी काल खिडकीतून बघितलं. निम्मी मुलं डोळे मिटून ऐकत होती.”

“एकाग्रता, सर! एकाग्रता!”

“त्यातला एक जण घोरत होता.”

हेडसरांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि मुद्द्याला हात घातला. पुढच्या सत्रापासून नववीचा भूगोल तयार चित्रफितींवर चालवायचा बेत होता. मोठ्या पडद्यावर एक गोड आवाजाची बाई धडा सांगणार. गोलसरांनी मागच्या बाकावर बसून दंगा होणार नाही एवढं बघायचं.

“म्हणजे मी बोलायचं नाही?”

“‘शू’ म्हणू शकता की!”

सरांच्या पोटात एवढा मोठा खड्डा पडला की क्षणभर ते सडपातळ दिसले असतील. ज्याला घरात कोणी बोलू देत नाही अशा माणसाला निदान वर्गात तरी बोलू द्यावं की नाही? नदी, डोंगर, वारे, समुद्र सगळं त्या बाईला द्यायचं आणि सरांनी ठेवायचं काय, तर ‘शू’! त्यांना खरोखरच रडू यायचं बाकी राहिलं होतं.

“एक संधी आहे,” हेडसर म्हणाले. “शुक्रवारी तपासणीला अधिकारीबाई येतायत. शाळेला नवा पडदा मिळालाय, मुलांना टॅब मिळालेत. ते वापरून धडा घ्या. मुलं आपणहून भाग घेतायत असं बाईंना दिसलं तर तास तुमचा. नाही दिसलं तर...”

“शू,” गोलसर पुटपुटले.

मग त्यांनी संगणकाच्या मॅडमना गाठलं. मॅडम वयाने सरांच्या मुलीसारख्या आणि धीराने सरांच्या आईसारख्या. त्यांनी सगळं तीनतीनदा समजावलं. प्रत्येक मुलाच्या टॅबवर हजेरी क्रमांक दिसणार. मुलाने आपल्या क्रमांकावर बोट ठेवलं की तो क्रमांक त्याचा झाला, मग तो दुसऱ्या कोणालाही मिळायचा नाही. सरांनी प्रश्न टाकायचा, मुलांनी उत्तर लिहायचं आणि ते लगेच क्रमांकासकट मोठ्या पडद्यावर झळकायचं.

“आणि सर, सराव करायचा असेल तर त्याच्यासाठी वेगळा वर्ग काढा हं,” मॅडम म्हणाल्या. “नववीचा खरा वर्ग सरावाला वापरू नका.”

“छे छे! मी काय लहान आहे?”

त्या संध्याकाळी सर खरंच वेगळा वर्ग काढायला बसले. संगणकाने वर्गाचं नाव विचारलं, विषय विचारला, रंग विचारला, सजावटीला चित्र कुठलं हवं ते विचारलं, आणि शेवटी तुम्ही यंत्रमानव तर नाही ना, असंही विचारलं. इथे सरांचं डोकं फिरलं. एवढी चौकशी तर लग्न ठरवताना सासूबाईंनीसुद्धा केली नव्हती! नववीचा वर्ग तयार आहे, क्रमांक तयार आहेत, मग उगाच कशाला द्राविडी प्राणायाम? त्यांनी खरा वर्गच उघडला आणि घरची फौज त्यात भरती केली.

फौज तशी छोटी होती. बायको दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची, तिने एकोणीस नंबर घेतला. पलीकडच्या गल्लीत मेहुण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, त्याला बारा नंबर आवडला. सासूबाई वर्षभरापासून लेकीकडेच राहायला होत्या. त्यांनी सात नंबरवर बोट ठेवलं आणि विचारलं, “डबा कधी खायचा?”

सरांनी तिघांना दोन नियम घालून दिले. पहिला असा की फोनवर वर्गाची घंटा वाजली की हातातलं काम टाकून ताबडतोब उत्तर द्यायचं. सर कधीही, कुठूनही सराव घेतील.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा होता. “खऱ्या मुलांसारखं वागा. फाटे फोडा, खोड्या काढा, उलट बोला. मला सवय व्हायला पाहिजे.”

ही सूचना सासूबाईंनी फारच मनावर घेतली. जावयाला उलट बोला असं खुद्द जावयानेच सांगावं, हे भाग्य किती सासवांच्या वाट्याला येतं? आठवडाभर रोज संध्याकाळी घरात नदीचा धडा रंगला. सर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘नदीचं कार्य’ शिकवायचे आणि सात नंबर आतून लिहायची, ‘सर, दारातून बाजूला व्हा, उजेड अडतो.’ बारा नंबर दर प्रश्नाला ‘माहीत नाही, आमच्या सरांनी शिकवलं नाही’ असं ठोकून द्यायचा. एकोणीस नंबरने तर एकदा मोठ्याने जांभई देऊन दाखवली. ती खरी होती की नाटकी, ते सरांनी विचारलं नाही.

थोडक्यात, शुक्रवार उजाडला तेव्हा गोलसर लढाईला तयार होते. धडा दुपारच्या सुट्टीनंतर होता. घरातून निघताना त्यांनी सगळ्यांना तसं बजावूनही सांगितलं, “दुपारी दोननंतर कोणी मला फोन करू नका. तेव्हा माझं युद्ध असेल.”

पण शाळेत पाऊल ठेवतात न ठेवतात तोच हेडसर धावत आले. “सर, चला! बाई आत्ताच आल्यात. दुपारी त्यांना दुसऱ्या शाळेत जायचंय. पहिलाच तास घ्या!”

“आत्ता? पण माझं...”

“तुमचं काय?”

“काही नाही,” सर म्हणाले, आणि सदऱ्याची बाही सावरत वर्गाकडे धावले.

नववीचा वर्ग चिडीचूप बसला होता. मागे दोन खुर्च्या टाकल्या होत्या. एकीवर हेडसर, दुसरीवर अधिकारीबाई. बाईंचा चेहरा असा होता की त्यावरून पाऊस पडेल की ऊन, काहीच सांगता येईना. संगणकाच्या मॅडमनी टॅब वाटले आणि जाता जाता सरांना हळूच अंगठा उंचावून शुभेच्छा दिल्या. सरांनी पडदा सुरू केला, मोठा श्वास घेतला आणि ‘वर्ग सुरू करा’ या बटणावर बोट ठेवलं.

वर्गात छान टिणटिण घंटा वाजली.

आता ती कुठे कुठे वाजली, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सरांच्या मात्र आलं नाही. त्यांनी पडद्याकडे बघितलं, तर अजून एकाही मुलाचं बोट टॅबला लागलं नव्हतं आणि तीन क्रमांक हिरवेगार झाले होते. सात, बारा आणि एकोणीस.

“वा!” अधिकारीबाई म्हणाल्या. “काही मुलं फारच तत्पर दिसतायत.”

सर फुलले. तेवढ्यात मधल्या बाकावरून आवाज आला, “सर! माझा नंबर कोणीतरी ढापलाय!”

हा खरा बारा नंबर. त्याच्या आवाजामुळे सगळी शाळा त्याला भोंगा म्हणायची. त्याच्या पाठोपाठ एकोणीस नंबरचा चष्मेवाला मुलगाही उठला. खिडकीजवळची सात नंबरची मुलगी फक्त टॅबकडे बघत राहिली. तिला वर्गात मौनी म्हणायचे, कारण वर्षभरात तिने ‘हजर’ सोडून दुसरा शब्द उच्चारल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आणि तो ‘हजर’सुद्धा शेजारच्या मुलीला मोठ्याने सांगावा लागायचा.

“चेष्टा पुरे!” सर दबक्या आवाजात म्हणाले. “शेजाऱ्याच्या टॅबमध्ये बघा. हं, तर मुलांनो, पहिला प्रश्न! नदी म्हटलं की तुमच्या मनात काय येतं?”

उत्तरं भराभर पडद्यावर उमटू लागली. पाणी. मासे. पूल. पूर. होडी. अधिकारीबाईंनी मान डोलावली. हेडसरांनीही लगेच डोलावली. आणि मग एक लांबलचक ओळ झळकली.

‘क्रमांक ७: नदीचं काय घेऊन बसलात, घरातल्या नळाला पाणी नाही. टाकी बघून जायला सांगितलं होतं.’

वर्गात खसखस पिकली. सर अजूनही हसतच होते, पण ते हसू आता चेहऱ्यावर नुसतं अडकून पडलं होतं. पाठोपाठ दुसरी ओळ आली.

‘क्रमांक १२: माहीत नाही. आमच्या सरांनी शिकवलं नाही.’

आणि तिसरी.

‘क्रमांक १९: सर, तुम्ही तो निळा सदरा घालून गेलात ना? त्याची कॉलर मागून उसवलीय.’

सगळा वर्ग सरांच्या कॉलरकडे बघू लागला. पहिल्या बाकावरची मुलं तर उभं राहून बघू लागली. हेडसरांनी मान वाकडी केली. अधिकारीबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. आणि गोलसरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! घरच्यांना वाटतंय की हा सराव चाललाय. शेवटचा, सकाळचा, अचानक घेतलेला सराव. आणि ते सगळे अगदी सांगितल्याप्रमाणे वागतायत.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना पडद्यावर ती गोड आवाजाची बाई दिसू लागली आणि मागच्या बाकावर आपण स्वतः, ओठांवर बोट ठेवून बसलेले. काहीतरी करायला हवं होतं, आणि तेही ताबडतोब. घरच्यांना आपला आवाज ऐकू जातोय एवढं त्यांना ठाऊक होतं. ते पडद्याकडे वळले आणि कडाडले, “सात, बारा आणि एकोणीस! या क्षणी वर्गाबाहेर व्हा!”

भोंगा उठला. चष्मेवाला उठला. मौनीनेही दप्तर आवरलं. तिघं मान खाली घालून, एकामागोमाग एक, दाराकडे निघाले.

“अहो, अहो!” अधिकारीबाई खुर्चीवरून उठल्या. “त्यांना का बाहेर काढताय?”

“त्यांना नाही बाई!”

“मग कोणाला?”

“सातला!”

“सात कोण?”

मौनीने मुकाट्याने हात वर केला.

“तू नाही गं बाळ! तू बस! तुम्ही तिघं बसा! सात, बारा, एकोणीस बसा, आणि सात, बारा, एकोणीस बाहेर जा!”

हेडसरांनी डोळे मिटले. त्यांनाही आता एकाग्रता साधली असावी. इकडे पडद्यावर उत्तरं येतच होती.

‘क्रमांक ७: का म्हणून जायचं? आधी आमची चूक काय ती सांगा.’

‘क्रमांक १२: भाऊजी, आज रागावण्याचा अभिनय एकदम झकास जमलाय! असंच चालू द्या.’

“भाऊजी?” अधिकारीबाईंनी भोंग्याकडे बघितलं. भोंगा म्हणाला, “आईशप्पथ बाई, सर माझे कोणी लागत नाहीत!”

सरांनी संगणकावर झडप घातली. तिघांना हाकलायचं बटण कुठेतरी असणारच. कोपऱ्यात एका ओळीत बरीच चिन्हं होती. त्यातलं एक त्यांना बंद दारासारखं वाटलं. त्यांनी ते दाबलं, आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे उघडले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पडद्याचे चौकोन चौकोन झाले. कुठे नुसतं कपाळ, कुठे एक नाकपुडी, कुठे वर्गातला पंखा, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध तीन चेहरे. क्रमांक सातमध्ये सासूबाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, पुढ्यात मटाराच्या शेंगांचा ढीग. क्रमांक एकोणीसमध्ये सरांची बायको, तोंडाला पट्टी, मागे खुर्चीत आ वासून आडवा झालेला एक रुग्ण. आणि क्रमांक बारामध्ये मेहुणा, दाढी करायला न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला, डोळ्यांखालपासून गळ्यापर्यंत पांढराशुभ्र फेस!

वर्गाचं छत हसण्याने उडायचं तेवढं बाकी राहिलं.

“हे कोण आहेत?” अधिकारीबाईंनी विचारलं.

सरांनी हात जोडले. आता लपवून काय उपयोग? “बाई, हे माझं घर आहे.”

घरालाही तेव्हाच वर्ग दिसला. बायकोच्या हातातला आरसा खाली पडला. मेहुण्याने फेसातून ‘बाप रे’ असं काहीतरी म्हटलं. सासूबाईंनी मात्र चष्मा वर सरकवला आणि प्रसन्न हसल्या. “अगं बाई! केवढी ही मुलं! जावईबापू, आज सरावाला एवढी मुलं कुठून आणलीत?”

“आई, ही खरी आहेत,” सर कसेबसे म्हणाले. “आणि त्या मागे बसल्यात त्या अधिकारीबाई.”

“नमस्कार हो!” सासूबाई शेंगांसकट हात जोडून म्हणाल्या. घाबरणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं.

सर आता माफी मागणार, एवढ्यात अधिकारीबाई पडद्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. चेहऱ्यावरून अजूनही काही कळत नव्हतं.

“आजी, तुम्ही किती दिवस या वर्गात आहात?”

“आठवडा झाला की. रोज असते मी. एकदासुद्धा गैरहजेरी नाही.”

“असं? मग सांगा बघू, नदी वळणं का घेते?”

सरांनी डोळे मिटले. हाच भाग त्यांनी घरी चारदा शिकवला होता.

“आता यात विचारायचं काय?” सासूबाई म्हणाल्या. “दमते म्हणून. डोंगरातून धावत यायचं, सपाटीवर आलं की जरा रमतगमत चालायचं. मी बाजारातून येताना तशीच येते.”

“आई, काहीही काय!” फेसातून मेहुणा म्हणाला. आपण सायकलवाले, वळणातलं आपल्याला जास्त कळतं, असा त्याचा समज होता. “पाणी वळताना आतली कड धरतं, सायकल घेते तशी. म्हणून आतला काठ झिजतो आणि वळण वाढत जातं. हो की नाही भाऊजी?”

भाऊजींनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी खिडकीजवळून एक बारीक आवाज आला.

“नाही. चूक आहे.”

सगळ्या माना तिकडे वळल्या. मौनी उभी होती. तिचे कान लालबुंद झाले होते आणि बाकाची कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“कोण गं तू?” सासूबाईंनी विचारलं.

“मी क्रमांक सात.”

“सात तर मी आहे.”

“नाही आजी, मी आहे,” मौनी म्हणाली. “आणि नदी आतला काठ खात नाही, बाहेरचा खाते. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला जोरात जातं. तिथली माती खरवडून नेतं. आतल्या बाजूला पाणी हळू असतं, म्हणून तिथे वाळू साठते.”

गोलसर बघतच राहिले. हे त्यांचेच शब्द होते, मागच्याच महिन्यात सांगितलेले. म्हणजे कोणीतरी ऐकत होतं! त्या निम्म्या मिटलेल्या डोळ्यांमागे कोणीतरी खरंच ऐकत होतं!

सासूबाई इतक्या सहज हार मानणाऱ्या नव्हत्या. “तू म्हणतेस म्हणून? मला पटवून दे बघू.”

“बसचं घ्या, आजी,” भोंगा ओरडला. त्याला आता राहवेना. “बस गर्रकन वळली की आपण कुठे फेकले जातो? बाहेरच्या बाजूला!”

“मी नाही फेकली जात. मला नेहमी बसायला जागा मिळते.”

“मग ताटातलं वरण घ्या,” पहिल्या बाकावरचा एक जण म्हणाला. “बादली घ्या,” दुसरी म्हणाली. “बादली जोरात फिरवली तर पाणी सांडत नाही रे!” तिसऱ्याने खोडून काढलं. चष्मेवाला फळ्याशी जाऊन वळण काढू लागला. दोघांनी त्याच्या हातातून खडू ओढला. मागच्या बाकावर एरवी घोरणारा मुलगा चक्क बाकावर चढून सासूबाईंना हातवारे करून दाखवत होता. सर “मुलांनो, मी सांगतो,” म्हणत पुढे झाले, तर अधिकारीबाईंनी नुसता हात वर केला.

“थांबा सर. चाललंय ते चालू द्या.”

आणि तेवढ्यात मौनीला युक्ती सुचली. ती थेट पडद्याशी गेली. “काका, तुमची खुर्ची फिरते का?”

“फिरते की,” मेहुणा म्हणाला. “का?”

“तुम्ही नुसते बसा. न्हावीकाका, यांना जोरात फिरवा!”

न्हाव्याला आयुष्यात अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. त्याने वस्तरा लांब ठेवला, खुर्चीची पाठ धरली आणि अंगातली सगळी ताकद लावून गरकन फिरवली. मेहुणा ‘अरे अरे’ करत भोवऱ्यासारखा फिरला. गालावरचा फेस सुटला आणि सपकन बाहेर उडाला! आरशावर, भिंतीवर, आणि सगळ्यात मोठा गोळा न्हाव्याच्या मिशीवर.

“बाहेरच्या काठाला!” अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

दवाखान्यातल्या रुग्णानेही तोंड तसंच उघडं ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची थांबली. मेहुण्याचे गाल अर्धे रिकामे झाले होते, आणि डोळे अजून फिरत होते. “मान्य,” तो क्षीण आवाजात म्हणाला. “बाहेरचा काठ.”

सासूबाईंनी मटाराची एक शेंग तोडली आणि म्हणाल्या, “हं. पोरगी बरोबर सांगते. पण वाळू मग तिथेच का राहते? ती का नाही वाहून जात?”

झालं! पुन्हा सगळा वर्ग उसळला. तासाची घंटा वाजली ती कोणालाच ऐकू आली नाही. पुढच्या तासाचे चित्रकलेचे सर दारात येऊन उभे राहिले, आत डोकावले आणि शेवटी मागच्या बाकावर बसून तेही नदीत पडले.

यथावकाश पडदा बंद झाला. मुलं निघून गेली. रिकाम्या वर्गात गोलसर उसवलेली कॉलर चाचपत उभे राहिले. आता निकाल.

“हेडसर,” अधिकारीबाईंनी विचारलं, “तुमच्या त्या चित्रफितीतल्या बाई कधी चुकतात का?”

“छे छे बाई! एका अक्षराचीही चूक नाही! अगदी तपासून घेतल्यात.”

“हीच तर अडचण आहे. मग मुलं त्यांच्याशी भांडणार कशी?” बाईंनी पर्स उचलली. आणि त्या तासात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडलं. “नववीचा भूगोल सरांकडेच राहू दे.”

“आणि ते...” हेडसरांनी पडद्याकडे बोट केलं. “सरांचं घर?”

“घरही राहू दे.”

गोलसरांना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलावरचा पृथ्वीगोल उचलून छातीशी धरला. तास वाचला होता! वाळवंटं त्यांची, समुद्र त्यांचे, आणि सोमवारचे सगळे पर्वत त्यांचे! त्या दिवशी ते घरी आले ते जिंकलेल्या माणसासारखे, पाय हवेत. दारातच त्यांनी सगळ्यांना क्षमा केली. बायकोने त्यांच्या सदऱ्याची कॉलर शिवून दिली. मेहुणा अर्धी दाढी करूनच अभिनंदनाला आला होता, कारण उरलेली दाढी करायला न्हाव्याने साफ नकार दिला होता.

सोमवारी सरांनी पर्वतांचा धडा उत्साहाने सुरू केला. पहिली पाच मिनिटं मुलांनी शहाण्यासारखं ऐकलं. मग इकडेतिकडे चुळबूळ सुरू झाली. भोंग्याने हात वर केला.

“सर, तुम्ही सांगताय ते बरोबरच असतं हो. त्यात मजा नाही येत. आज्जींना बोलवा ना!”

“बोलवा ना सर!” मौनीही म्हणाली, आणि ती इतक्या मोठ्याने बोलली की सरांना नाही म्हणवेना.

सरांनी व्हरांड्यात, आठवीच्या दारापाशी जाऊन घरी फोन लावला. आपण जावई आहोत हे विसरून आवाजात जमेल तेवढी साखर घातली. “आई, पर्वत कसे तयार होतात यावर दहा मिनिटं येऊन चुकता का जरा?”

“आत्ता?” पलीकडून सासूबाई म्हणाल्या. “आत्ता कसं जमेल, जावईबापू? आत्ता माझं आठवीचं विज्ञान चालू आहे. मुलं मला उष्णता समजावतायत. त्यानंतर सहावीचे अपूर्णांक आहेत, गणिताच्या बाई शुक्रवारीच सांगून गेल्यात.”

“अहो आई, पण मी घरचा माणूस!”

“म्हणून तर तुम्हाला गुरुवार देते,” सासूबाई म्हणाल्या. “हेडसरांना मी पुढच्या महिन्यात बघू म्हटलंय. आणि बाहेर एवढ्या मोठ्याने बोलू नका, माझ्या वर्गाला त्रास होतो. शू!”